हवा बघताना

नोव्हेंबरात पहाटे ती खूण पेटते:
घोड्याच्या नालासारखी, पिवळी,
मध्ये एक उद्गारचिन्ह.
दुपारी चाकं तापली की आपोआप विझते.
पारा दहा अंश उतरला
की टायरमधला एक पौंड गेलाच समजायचा,
हे इथे, नॉर्थ डकोटात, शेंबडं पोरही सांगेल.

म्हणून तीन दिवस मी तिच्याकडे पाहिलंच नाही.
एकशे अठरा मैल, दोनशे सहा पत्रपेट्या.
बसायचं उजव्या सीटवर,
आणि डावा हात, डावा पाय लांबवून गाडी हाकायची.
सोळा वर्षं झाली. कंबर आता तशीच वळली आहे.

चौथ्या दिवशी ती दुपारीही विझली नाही.

रात्री गॅरेजात गेज घेऊन ओणवी झाले.
दाराच्या चौकटीवरचा कागद म्हणतो बत्तीस.
पुढचं डावं बत्तीस.
पुढचं उजवं बत्तीस.
मागची दोन्ही साडेएकतीस. तीही भरली,
बोटं पंपाला चिकटेपर्यंत.
सकाळी किल्ली फिरवली:
खूण.

फार्गोहून मुलगा फोनवर म्हणाला,
"आई, काळी पट्टी चिकटव तिच्यावर."
चिकटवली.
पट्टीच्या कडेनं उजेड झिरपत राहिला,
लोटून घेतलेल्या दाराआड
कुणी जागं असावं तसा.

लिओना अझ्यूरच्या दुकानात रबराचा वास
आणि सकाळपासून आटत आलेली कॉफी.
तिनं नखानं पट्टी सोलली,
किल्ली फिरवली, आणि मिनिटभर नुसती बघत बसली.
"मिटमिटत नाहीये," म्हणाली.
"मिटमिटली असती तर म्हटलं असतं,
सेन्सरची बॅटरी मेली, सोड.
ही टक लावून बसलीय.
कुठंतरी हवा खरंच कमी आहे.
चारही मोजलीस?"
चारही.
"आणि पाचवं?"

पाचवं.

बंपरवरच्या भोकातून तिनं लांब दांडा घातला
आणि फिरवू लागली.
गंजलेली साखळी कण्हत कण्हत उतरली.
नऊ वर्षं ते माझ्या पाठीखाली लोंबत होतं
अंधारात, पालथं,
रस्त्यावरचं मीठ खात, चिखल खात,
माझे सगळे मैल
एकदाही न फिरता फिरून आलेलं.

चौदा पौंड.

"यातही सेन्सर आहे?"
"असतो काही गाड्यांत," लिओना म्हणाली,
"केव्हाचं बोंबलत होतं बिचारं."
व्हॉल्व्हवर तिनं साबणाचं पाणी सोडलं.
एक बुडबुडा फुगला,
फुटला,
मग दुसरा, अगदी सावकाश.
आतली पिन बदलली. चार डॉलर.
कॉफीचे घेतले नाहीत, घ्यायलाही नको होते.
स्टिअरिंगखालचं बटण मी दाबून धरलं;
खूण तीनदा लुकलुकली आणि गेली.
डॅशबोर्ड एकदम पोरका दिसला.

दुसऱ्या दिवशी एकशे बेचाळिसावी पेटी,
टोर्वाल्ड ब्रेक्के.
वसंतापासून त्याला काही आलेलं नाही.
जाहिरातीही त्यानं लेखी कळवून बंद केल्या.
रोज मी वेग कमी न करता पुढं जाते,
नाही म्हणायला हात वर करते, खिडकीकडं न बघता.

त्या दिवशी ब्रेक दाबला.
पेटी उघडली. आत कोरडा बर्फ
आणि गांधीलमाशीचं रिकामं घर.
झाकण बंद करेपर्यंत तो फाटकाशी आला होता,
घरातल्याच सपाता घालून.
"काय आलंय?"

काही नाही, म्हटलं.
हवा बघायला थांबले.

त्यानं मान वर केली.
पश्चिमेकडं बराच वेळ बघितलं,
जणू मी खरंच तेच विचारलं होतं.
"संध्याकाळपर्यंत बर्फ," म्हणाला.
"वारा असेल बरोबर. दोन घोट घेऊन जा काहीतरी."

चौसष्ट पेट्या बाकी होत्या.
इंजिन बंद केलं नाही,
पण उतरले.